जेवणाची उधारी आणि रांगेतलं मूल

प्रश्न : अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात राहणाऱ्या वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. मुलीच्याच एलिमेंटरी शाळेच्या कॅफेटेरियात त्या रोज तीन तास कॅशियरचं काम करतात. मुलं आपला नंबर दाबतात आणि जेवणाच्या खात्यातली शिल्लक यांच्या स्क्रीनवर दिसते. काहींची मायनसमध्ये असते. उधारी पन्नास डॉलरच्या वर गेली की शाळा गरम जेवणाऐवजी थंड चीज सँडविच देते. ते कुणाला आणि का मिळतं, हे मुलांना बरोबर ठाऊक असतं. दोन मुलांचे पैसे यांनी स्वतःच्या पर्समधून भरले, तर मॅनेजरने बजावलं की पुन्हा असं करायचं नाही. त्यातच पाचवीतला एक मराठी मुलगा आहे. त्याच्या वडिलांची नोकरी गेल्याचं तिथल्या मराठी मंडळातल्या ओळखीमुळे यांना माहीत आहे. तो हल्ली काउंटरजवळ येतो, यांना बघतो, ‘भूक नाही’ म्हणून परत फिरतो. मंडळातल्या पाच-सहा कुटुंबांकडून पैसे जमवून त्याची उधारी गुपचूप फेडावी का, की त्याच्या आईशी बोलावं, असं त्या विचारतात. मिस्टरांचं म्हणणं : ‘फॉर्म भरला की इथे फुकट जेवण मिळतं, न भरणं ही आईबापांची चूक. आपलं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय, तू भानगडीत पडू नकोस.’

उत्तर :

ताई, आधी त्या मुलाबद्दल बोलू. तुमच्या पत्राचा जीव तिथेच आहे.

तो उधारीमुळे परत फिरतो असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही. पण एक वेगळी शक्यता तुम्ही बघावी असं मला वाटतं. काउंटरवर उभी असलेली बाई त्याला परकी नाही. गणपतीत ती त्याच्या घरी आरतीला येते, त्याच्या आईशी फोनवर बोलते, तो तिला काकू म्हणतो. अनोळखी कॅशियरसमोर त्याने कदाचित ते थंड सँडविच मुकाट्याने घेतलंही असतं. तुमच्यासमोर ते घेणं म्हणजे घरातली गोष्ट उघडी पाडणं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला बापाची नोकरी गेल्याचं कळतं आणि ते झाकायचं असतं हेही कळतं. तो कदाचित उपाशी राहून वडिलांना सांभाळतो आहे.

हे खरं असेल तर ‘घे रे बाळा, काकू भरेल’ हे तुमच्या मायेतून आलेलं वाक्य त्याला सगळ्यात जास्त टोचेल. म्हणून पहिलं काम असं : मॅनेजरला सांगून काही दिवस दुसऱ्या रांगेवर किंवा दुसऱ्या कामावर जाता येतं का ते पाहा. कारण म्हणून ‘त्या कुटुंबाशी माझी घरगुती ओळख आहे’ एवढं पुरेल. दुसरं, शाळेच्या काउन्सेलरला एकच वाक्य सांगा : अमुक मुलगा काही दिवस जेवत नाहीये. पैशांचा उल्लेख नको, वडिलांच्या नोकरीचा नको. मूल जेवत नसेल तर त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलणं हे काउन्सेलरचं काम आहे, आणि त्यांनी केलेला फोन त्या आईला तुमच्या फोनपेक्षा कमी लाजिरवाणा वाटेल.

त्याच्या बाजूने तुमच्या राज्याचा कायदाही आहे. पेनसिल्व्हेनियाने २०१७ मध्ये नियम केला की मुलाने जेवण मागितलं तर खात्यात पैसे असोत-नसोत, शाळेने ते दिलंच पाहिजे. जेवण देऊ नका असं पालकांनी लेखी कळवलं असेल तरच अपवाद. उधारीच्या बदल्यात मुलाकडून काम करून घ्यायचं नाही, त्याच्या हातावर शिक्का किंवा पट्टी लावायची नाही, वाढलेलं ताट काढून घेऊन फेकायचं नाही. एलिमेंटरीच्या मुलाशी पैशाबद्दल बोलायचंच नाही, जे काही बोलायचं ते पालकांशी. हे सगळं कागदावर लिहून ठेवायची वेळ आली, कारण तसं घडत होतं. २०१४ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका प्राथमिक शाळेत साधारण चाळीस मुलांच्या हातातली वाढलेली ताटं काढून घेतली आणि ते अन्न कचऱ्यात टाकलं. एकदा वाढलेलं अन्न दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून फेकलं. मूल उपाशी आणि अन्न कचऱ्यात, आणि त्यातून शाळेचा एक सेंटही वसूल झाला नाही. २०१७ मध्येच न्यू मेक्सिको हे असा कायदा करणारं पहिलं राज्य ठरलं. तिथे ते विधेयक मांडणारे सिनेटर मायकेल पडिया लहानपणी स्वतः जेवणाच्या बदल्यात शाळेच्या कॅफेटेरियाची फरशी पुसत.

पेनसिल्व्हेनियाने मात्र २०१९ मध्ये दुरुस्ती करून एक फट ठेवली : उधारी पन्नास डॉलरच्या वर गेली तर पर्यायी जेवण देण्याची मुभा. तुमच्या शाळेतलं सँडविच त्या फटीतून आलं आहे. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. तुमचं स्कूल बोर्ड (शाळांचा कारभार बघणारी स्थानिक समिती) उद्या ठरवू शकतं की आमच्याकडे सगळ्या मुलांना तेच गरम जेवण मिळेल. त्यासाठी राज्याला विचारायची गरज नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमच्या मिस्टरांच्या मुद्द्याकडे. ते चिडून बोलले असतील, पण काळजीनेही बोलले आहेत, म्हणून नीट उत्तर देते.

‘फॉर्म भरला की फुकट’ हे अर्धं खरं आहे. २०२५-२६ या शालेय वर्षासाठी चौघांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४१,७९५ डॉलरपर्यंत असेल तर जेवण फुकट, ५९,४७८ पर्यंत असेल तर सवलतीत. पेनसिल्व्हेनिया २०२३ पासून सवलतीचा तो फरकही स्वतः भरतं, त्यामुळे तुमच्याकडे दुसऱ्या गटालाही फुकटच. पण साठ हजार मिळवणाऱ्याला? काहीच नाही. फिलाडेल्फियाच्या उपनगरात घरभाडं, गाडी आणि विमा देऊन साठ हजारांत चौघांचं घर कसं चालतं हे तुमच्या मिस्टरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. या कुटुंबांचं रोजचं तीन-सव्वातीन डॉलरचं ताट दोन मुलांसाठी महिन्याला सव्वाशेवर जातं. उधारी साचते ती बऱ्याचदा इथे, रेषेच्या जरा वरती.

शिवाय फॉर्म दर वर्षी नव्याने भरावा लागतो. मागच्या वर्षीची मंजुरी नव्या वर्षात शाळेचे पहिले तीस दिवस चालते आणि मग संपते. ज्या आईला वाटत असतं की आपलं झालेलं आहे, तिच्या मुलाच्या नावावर ऑक्टोबरपासून उधारी चढू लागते. ती कळेपर्यंत पन्नास डॉलर झालेले असतात. आणि कोविडचा काळ आठवा. मार्च २०२० पासून जून २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ सगळ्या शाळांत जेवण फुकट होतं, फॉर्म नव्हता, बिल नव्हतं. आज पाचवीत असलेल्या मुलांची बालवाडी आणि पहिली त्यातच गेली. त्यांचे पालक शाळेत आले तेच अशा व्यवस्थेत, आणि मग एका उन्हाळ्यात सरकारने ती मागे घेतली. याला आईबापांचा बेजबाबदारपणा म्हणणं मला पटत नाही.

काही पालक खरोखर निष्काळजी असतील, मान्य. तरीही माझा प्रश्न उरतो : त्याचा जाब मुलाला विचारायचा का? सात वर्षांचं पोर खात्यात पैसे भरू शकत नाही, फॉर्मवर सही करू शकत नाही. जो व्यवहार त्याने केला नाही त्याची वसुली त्याच्या ताटातून करायची, यात मला कुठलाही न्याय दिसत नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि दुपारी सगळी मुलं खिचडीला एकत्र बसायची. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या. त्या शाळेत आलेल्या मुलाला कुणी उत्पन्न विचारत नाही, त्यामुळे उधारीचा प्रश्नच येत नाही. खिचडीच्या दर्जाच्या तक्रारी आहेत, जातीवरून मुलांना वेगळं बसवल्याच्या लाजिरवाण्या घटनाही घडल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. पण जेवणाला मुलाचं खातंच नसावं हा विचार तिथे आहे. अमेरिकेतही तो रुजतो आहे. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी २०२२ पासून सगळ्या मुलांना शाळेचं जेवण फुकट केलं, नंतर मिनेसोटा, कोलोरॅडो, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशी आणखी राज्यं त्यात आली. पेनसिल्व्हेनिया अजून नाश्त्यावर थांबलं आहे. हा नाश्ता २०२२ पासून तुमच्या राज्यातल्या सरकारी शाळांत प्रत्येक मुलाला फुकट आहे. उधारी कितीही असो, उत्पन्न कितीही असो. त्या मुलाच्या घरी हे माहीत नसेल अशी मला शंका आहे.

मिस्टरांची दुसरी भीती ग्रीन कार्डची. तीच भीती बहुधा त्या दुसऱ्या घरातही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या लोकांत पक्का समज आहे की सरकारकडून काहीही फुकट घेतलं की ‘पब्लिक चार्ज’चा, म्हणजे सरकारवर ओझं असल्याचा, डाग लागतो आणि ग्रीन कार्ड अडतं. शाळेच्या जेवणाबाबत हा समज चुकीचा आहे. २०२२ च्या नियमात मोजली जाते ती रोख स्वरूपातली सरकारी मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणं. त्याआधीचा २०१९ चा नियम बराच कडक होता, त्यात फूड स्टॅम्पसुद्धा (गरीब घरांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) धरले होते. पण शाळेचं जेवण त्यातही नव्हतं. हे नियम सरकारं बदलतात तसे बदलत आले आहेत, त्यामुळे ज्यांची केस चालू आहे त्यांनी सही करण्यापूर्वी आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल जरूर टाकावा. फॉर्मवर व्हिसा किंवा नागरिकत्व विचारत नाहीत. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे मागतात, आणि नंबर नसेल तर तशी खूण करायची सोय असते. सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क असलेल्या मुलाला तिथल्या जेवणाचाही हक्क आहे, त्याच्या आईवडिलांचे कागद कसेही असोत. हा केंद्रीय कायदा आहे.

नोकरी गेलेल्या घरासाठी आणखी एक महत्त्वाचं : फॉर्म वर्षात कधीही भरता येतो, आणि त्यात सध्याचं उत्पन्न लिहायचं असतं. मागच्या वर्षी दीड लाख डॉलर मिळत होते याच्याशी संबंध नाही. आज शून्य असेल तर शून्य लिहायचं. एका घराला एकच फॉर्म, सगळ्या मुलांसाठी. काही अर्ज पडताळणीला निवडले जातात, तेव्हा पुरावा मागतात. तो द्यायचा, घाबरायचं नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर फार तर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, नाहीतर घर आवरायचं. अशा दिवसांत शाळेच्या जेवणाचा फॉर्म कुणाच्या डोक्यात येईल? एक मात्र आहे. फॉर्म मंजूर झाल्याने मागची उधारी पुसली जात नाही. ती वेगळी फेडावी लागते, हप्ते मागता येतात.

आता तुमच्या पर्सबद्दल. तुम्ही पैसे भरलेत ते चूक केलं नाहीत. मिनेसोटात सेंट पॉलच्या एका शाळेत फिलँडो कॅस्टील नावाचे कॅफेटेरिया सुपरवायझर होते. मुलांकडे पैसे नसले की ते स्वतः भरत. जुलै २०१६ मध्ये वाहतूक तपासणीच्या वेळी पोलिसाच्या गोळीने त्यांचा जीव गेला, आणि त्यांच्या नावाने लोकांनी मुलांची उधारी फेडण्यासाठी निधी उभा केला. तुम्ही त्याच वाटेवर होतात.

पण तुमच्या मॅनेजरलाही खलनायक समजू नका. शाळेच्या स्वयंपाकघराचं खातं केंद्र सरकारच्या नियमांखाली स्वतंत्र असतं, आणि न वसूल झालेली उधारी त्या खात्यातून भरायला मनाई आहे. ती स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, दुसऱ्या पैशातून भरायची असते. त्यामुळे वसुलीचा तगादा वरून खाली येतो आणि शेवटी काउंटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचतो. शिवाय कॅशियरने निवडक मुलांचे पैसे भरले तर उद्या ‘माझ्या मुलाचे का नाही’ असं कुणी विचारेल आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. डिस्ट्रिक्टमध्ये उधारीसाठी देणगीचा निधी आहे का ते विचारा. असेल तर तुमचे पैसे तिथे द्या. नसेल तर पालक-शिक्षक संघटनेला सुचवा.

मंडळातून पैसे जमवण्याला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. त्या मुलाची शिल्लक तुम्हाला कामामुळे दिसली. ती माहिती शाळेबाहेर नेण्याचा अधिकार तुम्हाला नाही. नियम बाजूला ठेवले तरी, पाच-सहा घरांत पैसे जमवायचे म्हणजे पाच-सहा घरांत कारण सांगायचं. पुढच्या कोजागिरीला त्या आईकडे लोक कसे बघतील याचा विचार करा. ज्या गोष्टीसाठी तो मुलगा उपाशी राहतो आहे तीच आपण मोडून टाकू. त्याच्या आईशी शिल्लकीबद्दल बोलणंही याच कारणासाठी नको. मैत्रीण म्हणून भेटा, जेवायला बोलवा, नोकरीसाठी ओळखी काढा. ते नातं आधीपासून आहे, त्यात शाळेचा स्क्रीन आणू नका.

मग माहिती तिच्यापर्यंत कशी पोहोचायची? सगळ्यांना सांगा, म्हणजे तिलाही कळेल. मंडळाच्या ग्रुपवर एक सर्वसाधारण निरोप टाकता येईल, शक्य तर समितीच्या नावाने :

‘सध्या बऱ्याच कंपन्यांत नोकरकपात चालू आहे, म्हणून सर्वांच्या माहितीसाठी. शाळेच्या मोफत जेवणाचा अर्ज वर्षात कधीही करता येतो. सध्याचं उत्पन्न लिहायचं असतं. व्हिसा विचारत नाहीत, आणि पब्लिक चार्जमध्ये शाळेचं जेवण धरत नाहीत. आपल्या राज्यात सरकारी शाळेतला सकाळचा नाश्ता सर्व मुलांना मोफत आहे. अर्ज आपापल्या डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर मिळेल. कुणाला गरज नसेल तर आनंदच आहे. शेजारच्या कुणाला असेल तर त्यांना पाठवा.’

असा निरोप दर ऑगस्टमध्ये आणि दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेला तर फार बरं. गुजराती, तेलुगू ग्रुपवरही जाऊ द्या. सॅन होजे असो की शिकागो, प्रत्येक ठिकाणच्या मंडळाला हे करता येण्यासारखं आहे. फक्त राज्याचे नियम तपासून मजकूर बदला.

आणि शेवटचं काम मी तुमच्या मिस्टरांवर सोपवते. तुम्ही नोकरीत आहात, तुम्हाला बोर्डासमोर उभं राहणं अवघड जाईल. ते पालक आहेत आणि त्या गावचे रहिवासी आहेत. पेनसिल्व्हेनियात स्कूल बोर्डाच्या जाहीर सभेत रहिवाशाला बोलायचा हक्क आहे. मतदानाला नागरिकत्व लागतं, यासाठी लागत नाही. मुलांची नावं, शिल्लक, तुम्ही पाहिलेलं काही, यातलं एक अक्षरही न काढता त्यांनी चारच गोष्टी विचाराव्यात. उधारीचं लेखी धोरण पालकांना सहज सापडेल अशा जागी आहे का? खातं मायनसमध्ये गेल्यावर पालकांना फोन करताना त्याच फोनमध्ये मोफत जेवणाच्या अर्जाबद्दल सांगतात का? पर्यायी सँडविच बंद करून सगळ्यांना एकच जेवण द्यायला वर्षाला किती खर्च येईल? आणि डिस्ट्रिक्टमधली एखादी शाळा ‘कम्युनिटी एलिजिबिलिटी’मध्ये बसते का?

या चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं. फूड स्टॅम्पसारख्या योजनांमुळे आपोआप पात्र ठरणारी मुलं एखाद्या शाळेत २५ टक्के असतील, तर ती शाळा फॉर्मशिवाय सगळ्यांना फुकट जेवण देऊ शकते. ही अट २०२३ पर्यंत ४० टक्के होती. पण अशा मुलांच्या टक्केवारीच्या १.६ पट ताटांनाच केंद्राकडून पूर्ण पैसे मिळतात, म्हणजे सगळा खर्च निघायला ६२.५ टक्के लागतात. २५ आणि ६२.५ टक्क्यांच्या मधे असलेल्या शाळांना फरक स्वतः भरावा लागतो, म्हणून त्या कचरतात. बोर्ड ‘परवडत नाही’ म्हणालं तर आकडा मागावा. ‘परवडत नाही’ हे उत्तर आकड्याशिवाय स्वीकारू नये.

लोकांनी विचारल्यावर शाळा बदलतात, हे तुमच्याच राज्यात दिसलं आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात वायोमिंग व्हॅली वेस्ट डिस्ट्रिक्टने थकबाकीदार पालकांना पत्रं पाठवली की मुलांना जेवण न पुरवल्याबद्दल प्रकरण कोर्टात गेलं तर मूल तुमच्यापासून काढून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली दुसरीकडे, ठेवलं जाऊ शकतं. एकूण थकबाकी होती बावीस हजार डॉलरच्या आसपास. एका कॉफी कंपनीच्या प्रमुखाने ती सगळी भरायची तयारी दाखवली, तर बोर्डाच्या अध्यक्षांनी आधी नकार दिला, पालकांनीच फेडलं पाहिजे म्हणून. देशभर ओरड झाल्यावर डिस्ट्रिक्टने माफी मागितली आणि देणगी घेतली.

तुमच्या मिस्टरांना बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतील. पुढच्या सभेची तारीख आणि नाव नोंदवायची पद्धत डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असते, आजच बघून ठेवा. काउन्सेलरशी मात्र सभेची वाट न पाहता, उद्याच बोला.